मिलान, रावेन्ना, रोम: कोणी कोणाच्या घोड्याचा लगाम धरला

इटलीला जाणारे लोक साधारण व्हेनिस, फ्लॉरेन्स, पिसाचा मनोरा असं करतात, आम्ही त्यातलं एकही केलं नाही. आम्ही म्हणजे मी, बायको आणि आमचा वसईकर मित्र, जो पक्का कॅथलिक आहे, चर्चच्या क्वायरमधे गातो, आणि चर्चच्या इतिहासाला शिव्या घालायला पण तोच सगळ्यात पुढे असतो. ट्रिपचा विषय आधीच ठरला होता, की ज्या रोमन साम्राज्याने ख्रिस्ती धर्माच्या लोकांना सिंहापुढे टाकलं त्याच साम्राज्याशी ह्यांचं पुढे सूत कसं जुळलं, आणि जुळल्यावर शब्द कोणाचा चालायचा, बिशपचा का बादशहाचा. बायकोची अट एवढीच होती की रोज दोन वेळचं जेवण वेळेवर पाहिजे आणि दिवसाला तीनच्या वर चर्च नकोत. दुसरी अट बुधवारी मोडली, ते पुढे येईलच.

शनिवार, मिलान

सकाळी मालपेन्साला उतरलो, हॉटेलवर बॅगा टाकल्या, झोप काढली आणि संध्याकाळी सान लोरेन्झोच्या खांबांपाशी गेलो. रोमन काळातले १६ संगमरवरी खांब एका रांगेत उभे आहेत, बाजूने ट्राम जाते, मागे चर्च, आणि मधल्या चौकात कॉलेजची पोरं बिअरच्या बाटल्या घेऊन खालीच फतकल मारून बसलेली. ह्या सगळ्या कल्लोळात मधोमध रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनचा ब्राँझचा पुतळा. कॉपी आहे, मूळ पुतळा रोमला.

त्याचा पुतळा इथे का, तर इ.स. ३१३ मधे तो आणि पूर्वेकडचा सम्राट लिसिनियस मिलानला भेटले आणि ख्रिश्चनांना उघड उपासना करू द्यायची, त्यांच्या जप्त केलेल्या जागा परत द्यायच्या असं ठरवलं. बऱ्याच लोकांना वाटतं की तेव्हाच ख्रिस्ती धर्म राजधर्म झाला, पण तेव्हा मोकळीक सगळ्याच धर्मांना होती. राजधर्माचा हुकूम निघाला ३८० मधे, थिओडोसियसच्या काळात, म्हणजे मधे चांगली ६७ वर्षं गेली. आणि छळ थांबवायचा पहिला हुकूम तर त्याच्याही आधी ३११ मधे सम्राट गॅलेरियसने काढला होता, जो स्वतः छळ करणाऱ्यांत आघाडीवर होता आणि तेव्हा मरणाला टेकला होता.

कॉन्स्टंटाइनने हे मनापासून केलं का राजकारण म्हणून, ह्यावर तिथेच पुतळ्याखाली आमची जुंपली. वसईकर म्हणे दोन्ही, आणि त्या माणसाच्या डोक्यात ह्या दोन गोष्टी वेगळ्या होत्या असं आपण कशाला धरून चालायचं. मुद्दा बरोबर आहे. लढाई जिंकून देणारा देव तो खरा देव, हा हिशोब त्या काळात सगळेच करायचे.

रविवार, मिलान

सकाळी सांत'अ‍ॅम्ब्रोजिओला मिसा, म्हणजे कॅथलिकांची सामूहिक उपासना. लाल विटांचं जुनं बसकं चर्च, समोर मोठा चौक, आणि बाहेर एका बाजूला एकटाच उभा असलेला खांब ज्यात दोन भोकं आहेत. सैतान मिलानच्या बिशप अ‍ॅम्ब्रोजला भुलवायला आला होता, जमलं नाही म्हणून चिडून शिंगं मारली ती खांबात अडकली, अशी दंतकथा. भोकात नाक घातलं तर गंधकाचा वास येतो म्हणे, वसईकराने घालून बघितलं, काही वास नाही आला.

तळघरात काचेच्या पेटीत खुद्द अ‍ॅम्ब्रोजचा सांगाडा आहे, बिशपचे कपडे आणि टोपी घातलेला, शेजारी गेर्व्हासियस आणि प्रोतासियस ह्या दोन हुतात्म्यांचे सांगाडे. बायको एक मिनिटात वर निघून गेली. मी मात्र तिथेच उभा, कारण ह्या माणसाबद्दल वाचून वाचून मला त्याचा दरारा आणि राग दोन्ही यायला लागलं होतं.

अ‍ॅम्ब्रोज मूळचा सरकारी अधिकारी, ह्या प्रांताचा गव्हर्नर. ३७४ मधे बिशपच्या निवडीवरून दंगा होईल म्हणून बंदोबस्ताला आला आणि लोकांनी त्यालाच बिशप करून टाकलं, तेव्हा त्याचा बाप्तिस्मापण झालेला नव्हता, तो घाईघाईने उरकला. मिलान तेव्हा पश्चिम रोमन साम्राज्याची राजधानी, त्यामुळे सम्राट त्याच्याच चर्चमधे यायचा. ३८६ मधे तेव्हाच्या पश्चिमेच्या सम्राटाच्या आईने, जुस्तिनाने, आपल्या एरियन पंथासाठी (येशूला देवपित्यापेक्षा दुय्यम मानणारा पंथ) एक चर्च मागितलं तर हा लोकांना घेऊन चर्चमधे ठाण मांडून बसला, बाहेर सैनिक, आत भजनं. (आपल्याकडे ठिय्या आंदोलन म्हणतात ते हेच.) त्याचं वाक्य प्रसिद्ध आहे, सम्राट चर्चच्या आत आहे, चर्चच्या वर नाही. आणि बरोब्बर त्याच वर्षी त्याला त्या दोन हुतात्म्यांची हाडं सापडली. टायमिंग बघा.

मग ३९०. थेसालोनिकीत एका लाडक्या रथ हाकणाऱ्याला अटक झाली, लोकांनी चिडून सेनापतीला ठार मारलं, आणि थिओडोसियसच्या सैन्याने स्टेडियममधे कोंडून हजारो माणसं कापली. अ‍ॅम्ब्रोजने सम्राटाला पत्र लिहून कळवलं की तू प्रायश्चित्त घेतल्याशिवाय तुझ्यासमोर मी मिसा करणार नाही. आणि जगातल्या सगळ्यात ताकदवान माणसाने राजवस्त्रं उतरवून चर्चमधे सगळ्यांदेखत माफी मागितली, मग त्या नाताळात त्याला परत घेतलं. चर्चच्या दारात बिशप सम्राटाला हात आडवा करून अडवतोय अशी चित्रं असतात, तो प्रसंग नंतर रंगवलेला, पण पत्र खरं आहे.

इथपर्यंत अंगावर काटा येतो. पण दोनच वर्षं आधी, ३८८ मधे, युफ्रेटिसच्या काठी कॅलिनिकम गावात बिशपच्या चिथावणीने लोकांनी ज्यूंचं प्रार्थनामंदिर जाळलं होतं, आणि सम्राटाने सांगितलं की बिशपने स्वतःच्या खर्चाने ते परत बांधून द्यावं. सरळ न्याय. तर ह्याच अ‍ॅम्ब्रोजने भर चर्चमधे सम्राटाला खिंडीत गाठून, हुकूम मागे घेईपर्यंत मिसा पुढे नेणार नाही म्हणून तो हुकूम रद्द करायला लावला. तीच वेदी, तेच हत्यार, तोच माणूस. सत्तेला जाब विचारायचा अधिकार एकदा हातात आला की तो चांगल्याच कामाला वापरला जाईल असं काही नसतं. वसईकर ह्यावर बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला जेवू चला.

सोमवार, रावेन्ना

बोलोन्याला गाडी बदलून दुपारी रावेन्ना. छोटं, सपाट, सायकलींचं गाव. ४०२ मधे सम्राट होनोरियसने मिलान सोडून इथे राजधानी आणली, कारण आजूबाजूला दलदल, शत्रूला यायला अवघड. पुढे पश्चिमेचे सम्राट संपले आणि ४९३ पासून इथे गॉथ राजा थिओडोरिकचं राज्य. तो एरियन ख्रिश्चन, म्हणजे पुत्र हा पित्यापेक्षा दुय्यम असं मानणारा. हे मत ३२५ मधे निकाइयाच्या परिषदेत चुकीचं ठरवलं गेलं, आणि ती परिषद बोलावली होती कॉन्स्टंटाइनने. गंमत म्हणजे ३३७ मधे मरताना कॉन्स्टंटाइनने स्वतः बाप्तिस्मा घेतला तो एरियनांची बाजू घेणाऱ्या बिशपच्या हातून.

सांत'अपोलिनारे नुओव्हो हे थिओडोरिकच्या राजवाड्याचं चर्च. आत गेल्यावर दोन्ही भिंतींवर लांबच लांब सोनेरी मोझेइक, एका बाजूला २६ हुतात्मे, दुसऱ्या बाजूला २२ कुमारिका, सगळे ओळीने चाललेत. सगळे इथे मान वर करून फोटो काढतात आणि निघतात. तुम्ही मात्र उजव्या भिंतीवर दरवाजाच्या बाजूचा राजवाडा नीट बघा. कमानी, त्यात लटकलेले पांढरे पडदे, आणि खांबांवर... हात. नुसते हात. मनगट, बोटं, पुढे माणूसच नाही. मधल्या मोठ्या कमानीत कोणी उभं नाही, तिथे सपाट सोनं.

झालं असं की ५४० मधे पूर्वेच्या सम्राट जस्टिनियनच्या सैन्याने रावेन्ना घेतलं, एरियनांची चर्चेस कॅथलिकांना मिळाली, आणि बिशप अ‍ॅग्नेलसने थिओडोरिक आणि त्याचे दरबारी भिंतीवरून खरवडून काढून तिथे पडदे लावले. हात खांबांवर होते, खांब परत कोण करत बसणार, राहिले. पक्ष बदलला की आपल्याकडे रातोरात बॅनरवरचे चेहरे बदलतात आणि कोपऱ्यात जुन्या साहेबांचा नमस्काराचा हात तसाच दिसत राहतो, अगदी तसं. बायकोला चर्चमधे हसू आवरेना. हुतात्म्यांच्या रांगेत सगळ्यात पुढे तूरचा मार्टिन आहे, तो पाखंडी लोकांचा विरोधक म्हणून प्रसिद्ध, आणि चर्चला नावही त्याचंच दिलं गेलं. भिंतीवर नवी राजवट आली एवढंच.

थिओडोरिकसुद्धा काही साधा नव्हता. ह्याने रोमच्या पोपला, पहिल्या जॉनला, पूर्वेच्या राजधानीत कॉन्स्टँटिनोपलला पाठवलं, कशाला तर तिथल्या एरियनांचा छळ थांबवा असं सम्राटाला सांगायला. म्हणजे कॅथलिक पोप एरियनांची वकिली करायला. परत आल्यावर राजाचं समाधान झालं नाही, पोपला कैद, आणि ५२६ मधे पोप कैदेतच वारला.

रात्री पियादिना खाल्ला, मैद्याची भाजलेली पोळी आणि आत मऊ चीज. चांगला होता, वसईकराने तीन खाल्ले.

मंगळवार, रावेन्ना

सकाळी सान व्हिताले. ह्याच आवारात गाल्ला प्लासिदियाची समाधी आहे, गडद निळं छत आणि त्यात सोनेरी चांदण्या, पण आत थोडीच मिनिटं सोडतात. सान व्हितालेत मात्र कितीही वेळ बसा. ५४७ मधे पूर्ण झालेलं आठकोनी चर्च, खर्च आला २६,००० सोन्याची नाणी, देणारा ज्युलियानस नावाचा एक सावकार.

वेदीच्या डाव्या भिंतीवर जस्टिनियन, जांभळं वस्त्र, डोक्यामागे प्रभावळ, हातात सोन्याचं तबक. समोरच्या भिंतीवर राणी थिओडोरा, हातात पेला, तिच्या झग्याच्या काठावर बाळ येशूसाठी भेटी घेऊन निघालेले तीन मागी (पूर्वेकडचे ज्ञानी) भरतकामात. सम्राटाच्या एका बाजूला सैनिक, त्यांच्या ढालीवर ख्रिस्ताच्या नावाची अक्षरं, दुसऱ्या बाजूला पाद्री. ह्यातला एकही सम्राट-राणी रावेन्नाला कधी आले नाहीत! हजेरी भिंतीवरूनच.

आता पायांकडे बघा. जस्टिनियन मध्यभागी, पण त्याच्या बाजूला क्रॉस घेऊन उभा असलेला टक्कल पडलेला बिशप मॅक्सिमियन, त्याचे पाय सम्राटापेक्षा पुढे. पण वर बघितलं तर सम्राटाचा तबकाचा हात बिशपच्या अंगावरून पुढे आलाय. म्हणजे कोण पुढे, काही ठरवता येत नाही, आणि मला वाटतं करणाऱ्याने ते मुद्दाम तसंच ठेवलंय. आख्ख्या चित्रात नाव फक्त बिशपच्या डोक्यावर लिहिलंय, सम्राटाला नाव लागत नाही. हा मॅक्सिमियन जस्टिनियनने नेमलेला, बाहेरचा, सुरुवातीला गाववाल्यांना नको होता, म्हणून नाव ठळक घातलं असेल असा माझा अंदाज.

भिंतीवर एवढा सोज्वळ दिसणारा हाच जस्टिनियन ५४५ मधे पोप व्हिजिलियसला रोममधून उचलून कॉन्स्टँटिनोपलला घेऊन गेला, का तर धर्मातल्या एका वादात सही पाहिजे होती. तिथे पोप एका चर्चमधे आसऱ्याला गेला, शिपाई आले, हा वेदीचा खांब धरून बसला, त्यांनी पाय आणि दाढी धरून ओढला, वेदीच कोसळायची वेळ आली तेव्हा बघ्यांनी आरडाओरडा करून शिपायांना हाकललं. मिलानमधे सम्राट गुडघ्यावर होता, इथे पोपची दाढी शिपायाच्या मुठीत. सगळं दीडशे-पावणेदोनशे वर्षांत.

दुपारी क्लासेला, तिथल्या सांत'अपोलिनारेत हिरवंगार मोझेइक आहे, मेंढ्या, झाडं, मन शांत होतं. बाजूला एका पॅनेलवर सम्राट चौथा कॉन्स्टंटाइन रावेन्नाच्या चर्चला सवलतींची गुंडाळी देतोय, ती पुरेशी बोलकी. रात्रीच्या गाडीने रोम.

बुधवार, रोम

बुधवारी सकाळी पोपची सभा असते म्हणून व्हॅटिकन दुसऱ्या दिवसावर ढकललं आणि कोलोसियमजवळच्या कॉन्स्टंटाइनच्या कमानीपासून सुरुवात केली. २८ ऑक्टोबर ३१२ ला मिल्व्हियन पुलावर त्याने प्रतिस्पर्धी सम्राट मॅक्सेन्शियसला हरवलं, क्रॉसची खूण दिसली ती हीच लढाई, आणि ३१५ मधे ही कमान. पण कमानीवर क्रॉस नाही, ख्रिस्त नाही. देवत्वाच्या प्रेरणेने जिंकला असं मोघम लिहिलंय, कोणता देव ते तुम्ही समजून घ्या. वरच्या गोल शिल्पांत तर अपोलो, डायना, हर्क्युलीस ह्यांना चक्क पूजा चालू आहे, ती जुन्या हेड्रियनच्या काळातली शिल्पं उचलून लावलेली. सगळ्यांना खुश ठेवणारा मसुदा कोणी लिहिला असेल त्याला सलाम.

मग लॅटेरन. पर्यटक कमी येतात, पण रोमच्या बिशपचं, म्हणजे पोपचं, मुख्य चर्च हे आहे, सेंट पीटर्स नव्हे. जागा कॉन्स्टंटाइनने दिलेली. मधला ब्राँझचा भलामोठा दरवाजा म्हणजे रोमन सिनेटच्या इमारतीचा दरवाजा, १६६० च्या सुमारास फोरममधून उचलून इथे बसवला. मी त्याला हात लावून उभा होतो तेवढ्यात वसईकर म्हणाला, सिनेट गेली, दरवाजा राहिला. मूळ कॉन्स्टंटाइनपण इथेच पोर्चमधे उभा. आणि एक मजा, फ्रान्सचा राष्ट्राध्यक्ष ह्या चर्चचा मानद कॅनन (पाद्रीमंडळातलं एक पद) असतो, राजांच्या काळापासूनची प्रथा, एवढा कडक सेक्युलर देश पण हे सुरू आहे.

तिथून चढ चढून सांती क्वात्रो कोरोनाती. बायकोची तीनची अट इथे मोडली, पण ट्रिपमधलं सगळ्यात भारी हेच निघालं. किल्ल्यासारखा मठ, आत नन राहतात, बेल वाजवली, थोडे पैसे दिले, दार उघडलं. सिल्व्हेस्टरचं चॅपल म्हणजे एक छोटी खोली, आणि भिंतींवर १२४६-४७ च्या आसपासची चित्रं, आख्खी गोष्ट ओळीने. कॉन्स्टंटाइनच्या अंगावर महारोगाचे ठिपके, मग स्वप्नात पीटर आणि पॉल, मग पोप सिल्व्हेस्टर त्याला बाप्तिस्मा देतो, रोग बरा, आणि मग सम्राट पोपसमोर वाकून त्याला मुकुट देतोय. पुढच्या चित्रात पोप पांढऱ्या घोड्यावर आणि सम्राट पायी, घोड्याचा लगाम धरून पुढे चाललाय. मोतद्दारासारखा!

ह्यातलं काहीच घडलेलं नाही. कॉन्स्टंटाइनने रोम आणि पश्चिमेचं राज्य पोपला देऊन टाकलं असं सांगणारं दानपत्र आठव्या शतकातलं बनावट आहे, १४४० मधे लोरेंझो व्हाल्लाने त्यातली भाषा आणि पदं तपासून ते उघडं पाडलं. पण चित्रं काढली तेव्हा ते खरंच धरलं जायचं, आणि वेळ बघा, १२४४ मधे पोप चौथा इनोसंट रोममधून पळून लियोंला गेला आणि तिथे १२४५ मधे त्याने सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकला पदावरून काढल्याचं जाहीर केलं. त्याच्या पाठोपाठ हे चॅपल. म्हणजे ही भिंत फ्रेडरिकला उद्देशून आहे.

लगामाची भानगड नुसती चित्रातली नव्हती. ११५५ मधे सुत्रीजवळ जर्मन राजा फ्रेडरिक बार्बारोसा आणि पोप चौथा एड्रियन भेटले, राजाने पोपच्या घोड्याचा लगाम धरायला नकार दिला. पोप म्हणाला मग शांततेचं चुंबन मिळणार नाही. दोन्हीकडचे लोक जुने दाखले काढत बसले आणि शेवटी बार्बारोसाने मुकाट्याने लगाम धरला, कारण त्याला सम्राट म्हणून राज्याभिषेक करून हवा होता.

गुरुवार, व्हॅटिकन

लाईन लांब होती, पण पुढे सरकत होती. सेंट पीटर्समधे शिरल्यावर सगळे वर घुमटाकडे बघतात, तुम्ही आधी जमिनीकडे बघा, दारातून थोडं आत गेलं की लालसर जांभळ्या पोर्फिरी दगडाची मोठी गोल चकती आहे. जुन्या चर्चमधे ह्या दगडावर २५ डिसेंबर ८०० ला फ्रँक लोकांचा राजा शार्लमेन गुडघे टेकून होता आणि पोप तिसऱ्या लिओने त्याच्या डोक्यावर मुकुट ठेवला असं सांगतात. शार्लमेनचा चरित्रकार लिहितो की हे आधी माहीत असतं तर मी चर्चमधे पाऊलच टाकलं नसतं असं तो म्हणायचा. मला हे अर्धंच पटतं, मुकुट त्याला हवाच असणार, फक्त पोपच्या हातून मिळाला असं दिसायला नको होतं. आणि पोपचीपण गरज होतीच, आदल्या वर्षी रोममधेच त्याच्यावर हल्ला झाला होता, पळून तो शार्लमेनकडेच गेला होता. १६७४ ला गागाभट्टांना रायगडावर बोलवावं लागलं ते आपल्याला शाळेपासून माहितीये, त्यामुळे तलवारीने मिळवलेल्या राज्यालाही कोणाचा तरी मंत्र का लागतो हे मला समजावून सांगावं लागलं नाही. नेपोलियनने १८०४ मधे पोपला पॅरिसला बोलावून समोर बसवलं आणि मुकुट स्वतःच उचलून घातला, म्हणजे त्यालाही पोप तिथे हजर हवाच होता.

बाहेर पडलो की समोर सरळ रुंद रस्ता, व्हिया देल्ला कॉन्चिलियाझिओने. हा मुसोलिनीचा. १८७० मधे इटलीच्या सैन्याने रोम घेतलं, पोपचं राज्य संपलं, आणि पुढचे सगळे पोप व्हॅटिकनमधे कैद्यासारखे बसून राहिले. ११ फेब्रुवारी १९२९ ला लॅटेरनचा करार झाला, पोपला ४४ हेक्टरचा देश, ७५ कोटी लिरा रोख, १०० कोटींचे रोखे आणि कॅथलिक धर्म इटलीचा राजधर्म. मुसोलिनीला काय मिळालं, तर पोपची मान्यता. त्या समेटाच्या नावाने हा रस्ता, त्यासाठी मधली आख्खी जुनी वस्ती पाडली. फोटोत तो फार छान येतो.

शुक्रवार, रोम

विमान संध्याकाळचं. स्पॅनिश स्टेप्सला सगळे पायऱ्यांवर, आम्ही चौकाच्या टोकाला प्रोपागांदा फिदेच्या, म्हणजे पोपच्या मिशनरी खात्याच्या, इमारतीसमोर. हे वसईकराचं खास ठिकाण होतं. पंधराव्या शतकात पोपने पोर्तुगालच्या राजाला नव्या मुलुखातल्या चर्चवर हक्क देऊन टाकले, ते पाद्रुआदो, म्हणजे गोवा-वसईचा बिशप राजाने निवडायचा, पगार राजाने द्यायचा, आणि मिशनरी लिस्बनमार्गे यायचे. पोपला हे जड जायला लागलं तेव्हा १६२२ मधे हे खातं काढलं, थेट रोमकडून मिशनरी पाठवायला.

आणि गोव्याच्या दिवाडी बेटावरचा मातेउस दि कास्त्रु, ब्राह्मण घरातून ख्रिस्ती झालेल्यांपैकी. गोव्याच्या आर्चबिशपने त्याला पाद्रीची दीक्षा द्यायला नकार दिला, तर हा थेट रोमला आला, इथे दीक्षा घेतली आणि १६३७ मधे बिशप होऊन परत गेला. पोर्तुगीज त्याला मानेनात, मग पोर्तुगीज हद्दीबाहेर, आदिलशाही मुलुखात, डिचोलीला राहिला. कॅथलिक बिशप, कॅथलिक राजापासून वाचायला आदिलशाहाच्या आसऱ्याला! परत रोमला आला, इथेच वारला.

वसईकर म्हणाला हे भांडण आमच्याकडे आत्ता-आत्तापर्यंत होतं, मुंबईत १७९४ पासून काही चर्चेस पाद्रुआदोची आणि काही प्रोपागांदाची, एकाच गावात दोन बिशपांचे लोक, एकमेकांच्या चर्चला जायचं नाही. पोर्तुगीजांचं राज्य वसईतून १७३९ ला चिमाजीअप्पांनी घालवलं, पण त्यांच्या राजाचा बिशप नेमायचा हक्क मागेच राहिला, एकाच गावातली ही दोन बिशपांची विभागणी मिटवायला १९२८ साल उजाडलं. "माझ्या आजोबांची आजी पाद्रुआदोवाली आणि तिची सख्खी बहीण प्रोपागांदाकडे दिलेली," तो म्हणाला, "नाताळला एकमेकींकडे फराळ पोचायचा पण मिसा वेगवेगळी." बायकोने विचारलं मग लग्नं कशी जुळायची, त्यावर त्याने जे सुरू केलं ते टर्मिनी स्टेशनवर एअरपोर्टची गाडी येईपर्यंत संपलं नाही.